पणजीतलं गाऱ्हाणं

देवाला नवस बोलणारी, देवावर रुसणारी, देवाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण सकाळी सात वाजता देवाला हाक मारून दिवसभराच्या कामांची यादी त्याच्या हातात देणारा माणूस साऱ्या सिंधुदुर्गात एकच, आणि तो नेमका माझा घरमालक. धामापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं घर. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, प्राथमिक शाळेत मास्तरीण. नेमणूक मिळाली ती थेट कोकणात. 'दोन-तीन वर्षांत आंतरजिल्हा बदली होईल' अशा खात्रीने दोन बॅगा घेऊन आले आणि त्यांच्या पडवीलगतच्या दोन खोल्यांत सात वर्षं राहिले. या सात वर्षांत मी जितक्या वेळा 'व्हय म्हाराजा' म्हटलं असेल, तितक्या वेळा आमच्या शाळेतल्या पोरांनी 'हजर बाई' म्हटलं नसेल.

कोकणाबाहेरच्यांना हे प्रकरण समजावून सांगायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे केलेली जाहीर विनंती. गावातला एक जाणता माणूस नारळ-विडा ठेवून उभा राहतो, मोठ्यांदा देवाला हाक मारतो, काय अडचण आहे ती सांगतो, आणि प्रत्येक मागणीला बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा, म्हणजे माझ्या या घरमालकांचा. देवळात, जत्रेत, पेरणीच्या वेळी घाला, कोण नाही म्हणतंय? पण काकांना गाऱ्हाण्याला देऊळ लागायचं नाही आणि निमित्तही लागायचं नाही. विहिरीवरचा पंप सुरू होईना, घाल गाऱ्हाणं. मोबाइलला रेंज येईना, काका अंगणात फणसाखाली उभे. माझी जुनी गाडी पावसाळ्यात रोज सकाळी रुसायची. मी चावी फिरवतेय, घामाघूम होतेय, शाळेला उशीर होतोय, आणि हे बॉनेटवर नारळ ठेवून आभाळाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणताहेत, "बा देवा म्हाराजा, भगवती माये! आज ह्या बाईंची गाडी सुरू होना नाय. बॅटरी गेली काय उंदरान वायर खाल्ल्यान, ता तुकाच ठावक. काय वाकडानाकडा आसात ता दूर कर आणि गाडी वाटेक लाव रे म्हाराजा!" आणि मग माझ्याकडे डोळे वटारून बघायचे. मी दात-ओठ खात 'व्हय म्हाराजा' म्हणायची. आता खोटं कशाला बोलू, गाडी बऱ्याचदा सुरू व्हायची. न झाली तर काका म्हणायचे, "तुमचा व्हय पोटातसून येना नाय बाई. देवाक समाजता ता."

एकदा शाळेची तपासणी होती. साहेब वर्गात शिरले, मी फळ्यापाशी ताठ उभी, आणि खिडकीबाहेरून आवाज आला, "बा देवा म्हाराजा, आज आमच्या बाईंची परीक्षा आसा!" माझ्या चाळीसच्या चाळीस पोरांनी उभं राहून छप्पर उडेल असं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. साहेब मालवणातलेच निघाले. त्यांच्याही तोंडून गेलं. मग त्यांनी घाईघाईने चष्मा पुसला आणि पाढे विचारायला लागले.

काकांची दुसरी खोड म्हणजे हॉटेलात जेवणं, किंवा खरं तर न जेवणं. दोनशेच्या वर गेलेलं जेवण त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. 'मगे जेवणात भावच दिसता, चव खंय दिसता?' असं त्यांचं म्हणणं. आणि दोनशेच्या आतलं असलं तरी हॉटेलाची पारख झाल्याशिवाय ते बूड टेकायचे नाहीत. पारख कशी, तर वेटर आला की त्याला मेनूबद्दल काही विचारायचं नाही. एकच प्रश्न, "तू खंय जेवतंस रे?" तो म्हणाला 'इथेच', तर बसायचं. तो चाचरला की काका छत्री उचलून बाहेर. या पायी मी कुडाळात दोनदा आणि सावंतवाडीत एकदा उपाशी राहिले आहे. कणकवलीत तर एका वेटरने प्रामाणिकपणे सांगितलं की मी घरी जेवतो. झालं! काका-काकी त्याच्या घरी गेले, जेवले, काकींनी त्याच्या आईशी माहेरकडून नातंही काढलं. दर वर्षी त्या घरून आता आमच्याकडे आमसुलं येतात.

पण या सगळ्या विक्षिप्तपणात काकांचा एक नियम मात्र फार कडक होता. ते स्वतःसाठी किंवा आपल्या घरच्या माणसांसाठी कधी गाऱ्हाणं घालत नसत. मी एकदा छेडलं होतं, "काका, जगाचं मागता, स्वतःचं का नाही मागत?" तर म्हणाले, "वकील आपलो खटलो आपण चालवता काय? आपल्या घरचा गाऱ्हाणा आपण घालूचा नसता. देव म्हणतलो, आपलीच पोळी भाजून घेता मेलो." त्यांच्या घरासाठी गाऱ्हाणं घालायचे ते शेतापलीकडचे त्यांचे चुलतभाऊ. फार गरीब स्वभावाचा माणूस. मध्येच विसरायचे, थांबायचे, आणि काका शेजारी उभे राहून त्यांना हळूच पुढचा शब्द सांगायचे. ते चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्या घरासाठी कोणी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. काका त्यावर बोलत नसत. कोणी विचारलंच तर 'माझा सगळा बरा आसा, मागूचा काय?' म्हणून विषय संपवत. आणि हो, अख्ख्या वाडीची गाऱ्हाणी घालणाऱ्या या माणसाने माझ्या बदलीचं गाऱ्हाणं मात्र सात वर्षांत एकदाही घातलं नाही. दर वर्षी मी आठवण करायची आणि दर वर्षी उत्तर यायचं, "देव कामात आसा."

मग काकी आजारी पडल्या. काकी म्हणजे काकांच्या बरोबर उलट. काका जेवढे मोठ्यांदा बोलायचे तेवढ्या ह्या हळू. पण बोलल्या की काका गप्प. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, पणजीच्या इस्पितळात. ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, सगळे म्हणाले सुटलो. आणि घरी आल्यावर काकींनी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे हट्टाने नाही हो. तोंडाला चवच राहिली नाही. जिने आयुष्यभर बांगड्याच्या तिखल्याच्या, म्हणजे झणझणीत कालवणाच्या, वासावर मीठ कमी की जास्त ते सांगितलं, तिला मासळीचा वास आला की ओकारी येऊ लागली. पेज दोन चमचे. खिमटी एक चमचा. डॉक्टर म्हणाले होते, वाफवलेलं, मऊ, बिनतेलाचं द्या, थोडं थोडं द्या. काका स्वतः चुलीपुढे बसून कायकाय वाफवायचे. दुधी वाफवला, सुरण वाफवला, एकदा तर पपनस वाफवलं. काकी वाटीकडे बघायच्या, काकांना वाईट वाटू नये म्हणून बोटाने चाटायच्या आणि वाटी हळूच माझ्याकडे सरकवायच्या. अडीच महिन्यांत चौपन्न किलोची बाई त्रेचाळीसवर आली. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. काकांची सकाळची सातची यादी बंद पडली. पंप रुसला तर ते त्याला लाथ घालू लागले.

एका दुपारी मी काकींच्या उशाशी बसले होते. उगाच विचारलं, "काकी, काहीतरी असं आहे का, की जे आता समोर आलं तर खावंसं वाटेल?" बराच वेळ त्या वाशांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक आसा. पण ता हंय खंय गावतला?" त्यांचा थोरला भाऊ बोटीवर कुक होता, कुठकुठली बंदरं हिंडलेला. "लग्नाआधी एकदा मुंबैक गेल्लंय. तेणा एका चिन्याच्या खानावळीत व्हरून खाऊक दिल्यान. करंजेसारखी होती बाई, पण काचेची. वाफेर शिजवलेली. आतली सुंगटां भायरसून दिसत होती." सुंगटां म्हणजे कोळंबी. ते सांगताना त्यांनी नकळत ओठांवरून जीभ फिरवली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा! मी फोनवर चित्र शोधून दाखवलं, "हीच का बघा, ह्याला डिमसम म्हणतात." काकी उठून बसल्या. "हीच ती. काचेची करंजी."

ही बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर झाली, आणि वाडीने एकमुखाने निकाल दिला की हे डिमसम म्हणजे दुसरं काही नसून आपला मोदकच. मग काय विचारता! तीन घरांतून तीन मोदकपात्रं पेटली. कोळंबीचे मोदक, कोळंबीच्या पातोळ्या, एका हौशी सुनेने तर सारणात गूळही घातला होता. काकींनी एकेक उघडून पाहिला आणि क्षीण आवाजात विचारलं, "गणपतीक ठावक आसा काय ह्या?" आणि ताट परत गेलं. तारकर्लीच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी लागणाऱ्या गाडीवरून मी मोमो आणले. "ह्यो नाय. हेचा कातडा जाड आसा." पुन्हा वाशांकडे नजर. काका पडवीत बसून सगळं ऐकत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाई, बुधवारी पणजीक तपासणी आसा. तुमची गाडी काडा."

बुधवारी मी रजा टाकली. पहाटे निघालो, काका मागे काकींना टेकू देऊन, मांडीवर त्यांची कायमची कापडी पिशवी. इस्पितळात डॉक्टरांनी काकींना काट्यावर उभं केलं आणि डॉक्टरांचाच चेहरा पडला. आणखी दीड किलो कमी. आम्हां दोघांना बाजूला घेऊन ते म्हणाले, "जखम उत्तम आहे, रिपोर्ट उत्तम आहेत, आजार आता उरलेलाच नाही. पण अन्न जात नाही, आणि असं चाललं तर अंगात काही उरणार नाही. आठ दिवस बघतो. वजन आणखी उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल." बाहेर आलो तर बारा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि काकी पायरीवर बसून म्हणत होत्या, "माका घराक व्हरा." काका म्हणाले, "व्हरतंय गो. पण आधी जेवया."

पणजीत स्वस्त आणि चांगलं डिमसम शोधणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नदीकाठच्या एका झगमगीत हॉटेलात शिरलो. थंडगार हवा, मंद संगीत, मेनूकार्ड आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरएवढं. काचेच्या करंज्या होत्या. चार नगांना पाचशे ऐंशी. काकांनी तो आकडा बोटाने दोनदा चाचपला. "चार नगाक? ह्यातली सुंगटां विलायतेसून विमानान इली काय?" मी दबक्या आवाजात म्हटलं, "काका, पैशाचं राहू द्या, मी देते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग त्यांनी वेटरला जवळ बोलावलं आणि मला जे व्हायला नको होतं तेच झालं. "तू खंय जेवतंस रे?" मी कपाळाला हात लावला. पण तो वेटर आधी काकांकडे, मग काकींच्या खांद्यावरून उतरलेल्या ब्लाउजकडे बघत राहिला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "काकानू, खरा सांगू? मी वेंगुर्ल्याचो. आमी सगळे मागच्या गल्लीत जेवतंव, कलकत्तेवालीकडे. ताच खाणा, तिच्याकडे ताजा गावतला. माझा नाव सांगा नको." काकांनी छत्री उचलली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या छत्रीचा राग आला नाही.

मागच्या गल्लीत चार बाकडी, एक पंखा आणि भिंतीवर चिनी अक्षरांचं कॅलेंडर. मालकीण पन्नाशीची, मूळची कलकत्त्याच्या चिनी घरातली, पण वीस वर्षं गोव्यात काढून कोकणी अशी फडाफडा बोलणारी की काकांचं आणि तिचं दोन मिनिटांत जमलं आणि मी एकटीच परकी पडले. काकांनी परीक्षा घेतलीच. "तुमी खंय जेवतास?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हांगाच मरे! आनी खंय वचूं?" काका बसले. सहा नग एकशेवीसला होते, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. दहा मिनिटांनी बांबूची टोपली आली, झाकण उघडलं, वाफ वर गेली, आणि खाली त्या सहा करंज्या. पातळ, नितळ. आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसत होती. काकी बघत राहिल्या. "हीच ती," म्हणाल्या. "अगदी हीच."

आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. वाफ कमी होऊ लागली. "खा गो," काका म्हणाले. काकींनी मान हलवली. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "माका भय वाटता. हीपण नको झाली, तर मगे काय? मगे माझ्याकडे मागूक कायच रवना नाय." त्या बाईकडे या एका चवीची आठवण तेवढी उरली होती, आणि आता ती चव तिच्यापुढे वीतभर अंतरावर होती, आणि तिला ती खोटी ठरायला नको होती.

काका उठले. कापडी पिशवीतून नारळ काढला आणि सोया सॉसच्या बाटलीशेजारी ठेवला. हात जोडले, वर पाहिलं, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. साऱ्या वाडीला जागं करणारा तो आवाज, नुसते ओठ हलले. ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका घालूचा नसता. बाई, तुमी घाला."

"मी? अहो काका, मला येत नाही!"

"सात वर्सा ऐकतास, मगे ध्यान खंय होता?" हेच वाक्य मी पोरांना रोज ऐकवते.

"पण बायका घालतात का?"

"देव हजेरीबूक बघना नाय. उठा!"

मी उठले. समोरच्या बाकड्यावर दोन गृहस्थ नूडल्स खात होते, ते थांबले. मालकीण कढईवरचा झारा हातात घेऊन बाहेर आली. मी डोळे मिटले आणि जे येईल ते बोलायला लागले. "बा देवा म्हाराजा! भगवती माये! आणि इथे पणजीत जो कोणी देव आज ड्यूटीवर असेल त्या म्हाराजा! ह्या आमच्या काकी. ह्यांनी अडीच महिने धड जेवण केलेलं नाही. चौपन्न किलो होत्या, आज साडेएक्केचाळीस भरल्या. म्हणजे साडेबारा किलोची वजाबाकी झालीये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. इतक्या हळू की मी दचकून डोळे उघडले. आणि समोरचे ते दोन गृहस्थ, सावंतवाडीचे निघाले नंतर, तोंडात नूडल्स तशाच असताना मोठ्यांदा म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मालवणी माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की त्याला गप्प राहताच येत नाही.

मला जोर चढला. "ह्या बाईने आजवर कुणाला उपाशी पाठवलेलं नाही म्हाराजा! मला सात वर्षं पाठवलं नाही. आणि आज तिच्याच तोंडाला चव नाही, हा कुठला न्याय? काय वाकडंनाकडं असेल ते दूर करा, चुकलंमाकलं पोटात घाला, आणि ह्या काकींच्या तोंडाला चव आणा हो म्हाराजा!" आणि सात वर्षांची सवय, दुसरं काय! माझ्याच तोंडून सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर खणखणीत गेलं, "व्हय म्हाराजा!"

काकांनी कपाळावर हात मारला. "बाई! गाऱ्हाणा घालणाऱ्यान व्हय म्हणूचा नसता! आपलोच अर्ज आणि आपणच मंजूर केल्यात!"

आधी काकींचे खांदे हलले. मला वाटलं रडताहेत. मग पदर तोंडावर गेला, आणि मग तो पदरही पुरेना. काकी हसत होत्या. टाक्यांवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी काढत, "अगो बाई, माझा पोट दुखता गो, पुरे गो," म्हणत हसत होत्या. आणि हसता हसता, कसलाही विचार न करता, घरात आल्यागेल्याशी बोलताना ताटातला तुकडा उचलावा तशी त्यांनी टोपलीतली एक करंजी उचलली आणि तोंडात टाकली.

त्या चावत होत्या. मालकीण, मी, काका, ते दोघे सावंतवाडीकर, सगळे त्यांच्या जबड्याकडे बघतोय. गिळलं. काकींनी निकाल दिला, "सुंगटां ताजी आसत." मग दुसरी उचलली. तिसरी खाताना त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि माझा जीव पुन्हा वर आला. "पण हेच्यात वायंच तिरफळ व्हया होता," त्या म्हणाल्या. बाईला खोड काढता आली, म्हणजे बाईला चव आली! मी टेबलावर डोकं टेकून घेतलं. काका भिंतीकडे तोंड करून ते चिनी कॅलेंडर वाचत होते. बाराच्या बारा महिने वाचले त्यांनी, एकही अक्षर येत नसताना. मग वळले, बसले आणि दोन टोपल्या एकट्याने संपवल्या. नारळ मालकिणीने मागच्या पायरीवर फोडला, आणि त्याचे तुकडे आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

आठ दिवसांनी काटा किलोभर वर सरकला. नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही. पुढचे पाच बुधवार आम्ही त्या गल्लीत जेवलो. मालकिणीने काकींना पारीचं पीठ कसं उकळत्या पाण्यात एका दमात मळायचं ते दाखवलं, काकींनी तिला तिरफळाची पुडी नेऊन दिली. आणि सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी वह्या तपासत असताना माजघरातून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला, आणि पाठोपाठ काकींचा आवाज, "ह्यो बांगडो काय परवाचो हाडलास? डोळे बघल्यात हेचे?" काकांचं उत्तर ऐकू आलं नाही. म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंगणातून यादी सुरू झाली. पहिला नंबर पंपाचा.

आणि गेल्या मे महिन्यात माझी बदली झाली. कुणी गाऱ्हाणं न घालता, आपोआप, ऑनलाइन यादीत नाव आलं. सात वर्षं जिची वाट पाहिली ती बदली. आणि मी ते नाव चारदा वाचलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना म्हणून. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बरा झाला." आणि काजूच्या बागेकडे निघून गेले, संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत.

निघायच्या दिवशी सामान गाडीत भरलं. काकी पायरीवर उभ्या. मी स्टिअरिंगवर बसले आणि वाट बघायला लागले, कारण सात वर्षांत गाऱ्हाण्याशिवाय ही गाडी त्या अंगणातून क्वचितच बाहेर पडली होती. काका आले. बॉनेटवर नारळ ठेवला, हात जोडले, आभाळाकडे पाहिलं. "बा देवा म्हाराजा," म्हणाले, आणि थांबले. मला वाटलं, विसरले. शेवटी मीच काचेतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "काका, घाला की. लांबचा रस्ता आहे, घाट आहे."

त्यांनी नारळ उचलला, खिडकीतून आत हात घालून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला.

"माका जमाचा नाय गो," ते म्हणाले. "आपल्या घरच्या माणसाचा आपण घालूचा नसता."

मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. आणि मागे पायरीवरून काकींचा आवाज आला, न घातलेल्या गाऱ्हाण्याला, अगदी पोटातून, "व्हय म्हाराजा!"